पिंपावरून पुसलेलं नाव

चौदा ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
जर्मनीतल्या एका खेड्यात, एका वायनरीच्या तळघरात, मी माझ्या मरणाऱ्या भावाशी खोटं बोलले.

त्यानंतर काही दिवसांनी, आज सकाळी, अण्णा गेला.

आमचे बाबा १९३५ साली जर्मनीत शिकत होते. सुट्टीत द्राक्षं तोडायला या वायनरीवर गेले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याची. तिथली पद्धत अशी, की तोडणी संपली की प्रत्येकानं मोठ्या लाकडी पिंपावर चाकूनं आपलं नाव कोरायचं.

तेव्हाचा मालक बाबांना म्हणाला, "तुझ्या लिपीत कोर."

बाबांनी मराठीत कोरलं. वाइनचा थेंबही चाखला नाही. तरी परत आल्यावर आजीनं त्यांना नाशिकच्या गंगेवर, गोदावरीवर नेऊन शुद्ध करून घेतलंच.

ही गोष्ट ऐकत वाढलेल्या अण्णानं नाशिकजवळ गिरणाऱ्याला द्राक्षं लावली. जन्मभर एकच हट्ट, ते नाव बघायचं.
आधी बाग, मग गुडघे, मग किडनी. राहिलं.

म्हणून मी गेले. सत्याहत्तराव्या वर्षी, तिकडेच राहणाऱ्या नातीचा हात धरून.

व्हिडिओ कॉल लावला. नाशिकला संध्याकाळ झालेली. अण्णानं मुद्दाम दाढी करून घेतली होती.

आताच्या मालकीणबाईंनी पिंप दाखवलं. जर्मन नावं एकेक जपलेली. मधेच वीतभर गुळगुळीत लाकूड.

"इथे नुसते ओरखडे होते," बाई गोड हसून म्हणाल्या. नातीनं मराठीत सांगितलं. "उन्हाळ्यात पॉलिश करून घेतलं."

ओरखडे!

त्यांना वाचता येईना, म्हणजे ते नावच नव्हे. अख्ख्या महायुद्धातून वाचलं, आणि सँडपेपरनं गेलं.

चारचौघांत एखाद्याची खरडपट्टी कशी काढावी हे मला कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलं नाही, ते माझं मी शिकले. पण त्या दिवशी मी आधी फोनकडे बघितलं.

"बेबी, अगं अंधारच दिसतोय. बाबा कुठायत?" फोनमधून अण्णा.

मी कॅमेरा त्या गुळगुळीत लाकडावर धरला.
"हे काय, अण्णा. दिसतंय ना?"

तो बराच वेळ बघत राहिला.

"दिसलं. बाबांचंच अक्षर. तिरकं." मग म्हणाला, "त्या बाईंना थँक्यू म्हण हं. तुझं तोंड मला माहितीये."

मी थँक्यू म्हटलं. स्पष्ट उच्चारात.

त्याला खरंच काही दिसलं, की त्यानं मला सांभाळून घेतलं? आता कोणाला विचारू?

मालकीणबाई, माझी नात हे जर्मनमध्ये करून तुम्हाला पाठवते आहे. भेट म्हणून वाइनच्या बाटल्या पाठवू नका. तुमच्या लेटरहेडवर एवढंच लिहून द्या: १९३५च्या तोडणीला नाशिकचा एक विद्यार्थी इथे होता, त्याचं नाव या पिंपावर होतं, आणि ते आम्ही पुसलं.

लेखी. सहीनिशी. अण्णाच्या तेराव्याला सकाळी अकराच्या आत, पानं वाढायच्या आधी.

त्याच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचून मला माझं खोटं परत घ्यायचं आहे.