मामांच्या खुर्चीचं नाटक पाहायला नाशकात

मामेबहीण वैजूचा फोन आला, "दादा, रविवारी नाटकाला ये. बाबा भडकले तर आवरायला कुणीतरी हवं." झालं, पुण्याहून सकाळी सहाची एसटी धरली.

हे वैजूने लिहिलेलं पहिलं नाटक. एक थोर नाटककार तरुणपणी आठवडाभर नाशकात राहून गेले, एवढंच खरं. पण अर्धं गाव सांगतं, ते आमच्याच घरी उतरले होते! या फुशारकीवरच तिचं विनोदी नाटक. आणि फुशारकीत पहिला नंबर माझ्या मामांचा. "याच खुर्चीत बसून त्यांनी पहिला अंक लिहिला," हे मी लहानपणापासून ऐकतोय. नाटक त्या थोर माणसाच्या गौरवाचं असणार असं धरून मामांनी ती खुर्ची स्वतः रिक्षात घालून थिएटरवर पोचवली होती.

प्रवासाला सहा तास धरा, नारायणगावला चहा घ्या. नाशकात उतरल्यावर आधी मिसळ. नाटकाला आलोय म्हटल्यावर मिसळवाला रस्सा वाढता वाढता म्हणाला, "ते होय? आमच्याच दुकानात खायचे ना!" पाटीवरच्या सालाप्रमाणे दुकान माझ्याहून लहान होतं. मी मुकाट्याने आणखी पाव मागवला.

चारचा प्रयोग, तिकीट पन्नास रुपये. पहिल्या रांगेत मामा, कडक इस्त्रीचा झब्बा घालून. पडदा उघडला. मधोमध खुर्ची, शेजारी एक काका: "याच खुर्चीत बसून त्यांनी पहिला अंक लिहिला!" लगेच दुसरे काका आपली खुर्ची घेऊन आले, मग तिसरे. थिएटर हसून लोटपोट. मध्यंतरात मामांनी बटाटेवडासुद्धा नको म्हटलं.

प्रयोग संपताच मामा तडक विंगेत गेले. वैजू रडायच्या बेतात.

"छान लिहिलंस गं. पण ते आपल्याकडे उतरलेच नव्हते. शेजारी उतरले होते."

"मग खुर्ची?"

"आळीत बरी खुर्ची एकच, आपली. कुणाकडे पाहुणा आला की तिकडे जायची. त्यात ते बसले, एवढं खरं. अंकाचं मी वाढवलं." मामांनी चक्क कान धरले.

वैजू हसत हसत रडली. मलाही फार बरं वाटलं.

पुण्यात परतून आता आठवडा झालाय. काल वैजूचा फोन आला, शेवट बदललाय म्हणे. सगळे काका भांडत असताना प्रेक्षकांतून मामा स्वतः रंगमंचावर चढतात आणि विचारतात, "पाहुणे गेले असतील तर आमची खुर्ची द्या." मग खुर्ची उचलून चालू लागतात, आणि पडदा पडतो.