माईंचा डोळा आणि बाथरूममधला कोळी

“मॅडम, आधी मारा, मग नाव सांगा!” आहेर साहेब बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडले.

मी आत स्टुलावर उभी होते. गीझरच्या मागे भिंतीला चिकटून तळहाताएवढा चपटा, तपकिरी कोळी बसला होता. पोटाखाली पांढरी, बटणासारखी अंड्यांची पिशवी धरलेली. म्हणजे मादी. हिला हंट्समन म्हणतात. ही जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं धरते. दिसायला भयानक. डिवचली तर चावेलही, गांधीलमाशीसारखं दुखेल, पण माणूस मरत नाही. मी तिला प्लास्टिकच्या डब्यात घेतलं आणि झाकण लावलं.

मी नाशिकमधल्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल सुपरवायझर आहे. झूलॉजीत एम.एस्सी. केलंय. गंगापूर रोडच्या बाजूची ही रो-हाऊसची सोसायटी आमची जुनी कस्टमर. आहेर साहेब तिचे चेअरमन, सातपूरला त्यांचं वर्कशॉप. त्यांच्या आईला कोळी चावला म्हणून अर्जंट कॉल आला होता. सोसायटीच्या ग्रुपवर कुठल्या तरी परदेशी विषारी कोळ्याचा व्हिडिओ फिरत होता. खाली साहेबांनीच लिहिलं होतं, ‘हाच आपल्याकडे सापडला आहे. आईला चावला.’

“हाच तो,” त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“हा तो नाही. तो काळा, गोल पोटाचा आहे. हा बघा, चपटा आणि तपकिरी.”

“कोळी तो कोळीच ना! सगळीकडे स्प्रे करा. घरं, जिने, गार्डन, सगळं.”

मी घर तपासलं. छताच्या कोपऱ्यात बारीक लांब पायांचे कोळी होते, हात लावला की जाळ्यासकट थरथरणारे. ते डास खातात. खिडकीच्या ग्रिलवर एक छोटा केसाळ उडी मारणारा कोळी होता. त्याला पुढे दोन मोठे डोळे असतात, आपण हललो की तो वळून बघतो. जास्वंदीवर मोठ्या जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढून बसलेला सिग्नेचर स्पायडर. सगळे नाशिकच्या कुठल्याही अंगणात सापडणारे. घाबरावं असा एकही नाही.

“आई कुठे आहेत?” मी विचारलं.

त्यांची बायको वैशालीताई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. माई दिंडोरीकडच्या गावाहून आल्या होत्या. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. कपाळावर गेरूचा जाड लेप.

“माई, कोळी चावताना पाहिला का तुम्ही?”

“नाय गं पोरी. चार दिस झाले, सकाळी उठले तं आग. लय आग व्हती. आता डोळा उघडत नाय.”

लेपाखाली पाण्याचे बारीक फोड दिसत होते. फक्त डाव्या बाजूला. कपाळाच्या मधोमध सुरीने कापल्यासारखे थांबलेले. भुवईवर, पापणीवर, नाकाच्या शेंड्यावरही. डावा डोळा सुजून लाल झालेला. माझ्या सासूबाईंना कमरेवर नागीण झाली होती, तीही अशीच एका बाजूला थांबली होती. कोळी चावला तर चावल्या जागी सुजतं. तो अर्धं कपाळ मोजून चावत नाही.

माझं डोकं तापलं. ही बाई चार दिवस विव्हळत पडली होती आणि घरचे छताकडे बघत होते.

“साहेब, मी डॉक्टर नाही. पण हे कोळ्याचं काम नाही. नागीण वाटतेय, आणि डोळ्यापर्यंत आलीय. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.”

“मेडिकलवाल्याने मलम दिलंय. सकाळी बघू. तुम्ही तुमचं काम करा ना!”

“माई घरात असताना मी फवारणार नाही. औषधाच्या लेबलवरच तसं लिहिलंय.”

त्यांनी माझ्यासमोरच आमच्या मालकांना फोन लावला आणि स्पीकर ऑन केला.

“अहो मॅडम,” मालक म्हणाले, “कस्टमर स्प्रे मागतोय, स्प्रे द्या. लेक्चर कशाला देताय?”

“सर, इथे पेशंट आहे. डोळा जाईल तिचा.”

“ते आपलं डिपार्टमेंट नाही.”

मी वैशालीताईंकडे पाहिलं. त्या इतका वेळ दारातच उभ्या होत्या.

“खाली कंपनीची गाडी आहे,” मी म्हणाले.

“अगं, पण मीटिंग आहे माझी,” आहेर साहेब बायकोला म्हणाले.

“तुम्ही जा मीटिंगला,” त्या म्हणाल्या. “मी नेते त्यांना.” आणि माईंच्या पायात चपला सरकवायला खाली बसल्या.

कंपनीच्या व्हॅनमध्ये पंप आणि औषधाचे कॅन मागे ढकलून आम्ही माईंना बसवलं. दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?” वैशालीताई म्हणाल्या, “कोळी शोधत होतो.” नागीणच होती, डोळ्याच्या बुबुळापर्यंत पोचलेली. सुरुवातीलाच औषध मिळालं असतं तर बरंच वाचलं असतं, डॉक्टरबाई म्हणाल्या.

डोळा गेला नाही, पण धूसर झाला. आता तांदूळ निवडताना माईंना खडा दिसत नाही. वैशालीताईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी हातातला चहा तसाच सिंकमध्ये ओतला.

मला त्या सोसायटीच्या कामावरून काढलं. दुसरी टीम गेली, घराघरांत, बागेत, जिन्यात फवारून आली. जास्वंदीवरचं जाळंसुद्धा ठेवलं नाही. ग्रुपवर चेअरमनसाहेबांचे तत्परतेबद्दल आभार मानले गेले. माईंबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं.

काही महिन्यांनी त्याच सोसायटीतून तक्रार आली, झुरळं फार झालीत. मालक म्हणाले, “मॅडम, तुम्हीच जा, तुम्हाला तिथलं माहितीये.” मी गेले. आहेर साहेबांनी दार उघडलं आणि माझ्या नजरेला नजर न देता किचन दाखवलं.

आता कुणी ‘कोळी चावला’ म्हणून फोन केला, तर मी आधी फोटो मागत नाही. चावताना कुणी पाहिला का, एवढंच विचारते. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. मग म्हणते, डॉक्टरकडे जाऊन या. कोळी कुठे पळून जात नाही.