आत्याच्या गच्चीवरचा कावळा

आम्ही तिघं, म्हणजे सर, त्यांची विद्यार्थिनी प्रज्ञा आणि लॅब सांभाळणारा मी. जमलो की हवामानापेक्षा किस्सेच जास्त निघतात!

काम तसं सोपं. सॅटेलाइटचा रेडिओ सिग्नल हवेतल्या बाष्पामुळे खाली येताना किंचित रेंगाळतो. त्या उशिरावरून वर बाष्प किती ते काढायचं. त्यासाठी खोपोलीजवळच्या गावात प्रज्ञाच्या आत्याच्या गच्चीवर अँटेना बसवला. प्रज्ञाची पीएचडी त्यावरच! सरांनी बजावलं होतं, "डेटात एक जरी विनाकारण गॅप दिसला, तर थिसिसवर सही करणार नाही!"

*

पहिल्याच दिवशी शेजारचे दादा वर आले. "टावर हाय ना? रेंज येल ना रं आता?"

मी म्हटलं, "दादा, हा नुसता ऐकतो. बोलत नाही."

"मंग आमच्या घरात बी एक बसवा. तिथं ऐकनारं कोनीच नाय!"

*

श्रावणात रोज सकाळी सिग्नल बिघडायला लागला. सर खूश! वातावरणातली नवीच लहर सापडली म्हणून परदेशात मेल टाकायला निघाले. तेवढ्यात आत्याचा फोन. "लहर कसली! कावळा बसतो त्याच्यावर."

"अंतराळातून सिग्नल येतो, आणि शेवटच्या वीतभरात कावळा!" सर करवादले. त्यांनी गच्चीवर एक काठी ठेवायला लावली.

*

इथे कावळा हमखास मिळतो, ही बातमी गावभर झाली. पितृपक्षात माणसं पानं घेऊन जिन्यावर! प्रज्ञा हातापाया पडून सगळ्यांना कोपऱ्यात बसवायची. सर आत्यावर चिडले.

"आमी बौद्ध, आमच्यात हे नाय," आत्या म्हणाली. "पन दारात आलेल्याला नाय कसं म्हनू?"

शेवटी सरांनी बोर्ड पाठवला, 'वैज्ञानिक उपकरण. कावळ्यास पान ठेवू नये.' लोकांनी बोर्डाच्या आडोशाला पानं मांडली!

*

आणि एका दुपारी खुद्द सर दारात. हातात केळीचं पान आणि डबा. त्यांची आई गेल्या वर्षी गेली होती.

"कर्जतला घरी सकाळपासून एकही कावळा शिवला नाही," ते म्हणाले. "आईला अळूवडी आवडायची."

आत्यानं बोर्ड भिंतीकडे फिरवला. सरांनी पान मांडलं. कावळा आला तो थेट अँटेनावर, आणि तिथेच बसून राहिला. प्रज्ञाचा हात काठीकडे गेला.

"राहू दे गं," सर कुजबुजले.

बऱ्याच वेळानं तो खाली उतरला आणि अळूवडी उचलून उडाला. सरांनी डोळे पुसले.

प्रज्ञानं हळूच विचारलं, "सर, आजच्या गॅपचं कारण काय लिहू?"

सर डबा बंद करत म्हणाले, "लिही, वातावरणात अचानक बदल."