एका हारात दोघं

बाबा गेले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. आमच्याकडे अशा घरी बाहेरची माणसं जेवण आणतात आणि पहिला घास आपल्या हातानं भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. पहिला डबा घेऊन आले ते आमदार, बाबांचे आयुष्यभराचे विरोधक. त्यांना दारात पाहिलं आणि मला तो हार आठवला.

मी तेव्हा कॉलेजात होते. राज्यात दोन पक्षांचं मिळून सरकार होतं. आमदार एका पक्षाचे. बाबा दुसऱ्या पक्षाचे आणि पंचायत समितीचे सभापती. मुंबईत दोन्हीकडचे पुढारी एकाच मंत्रिमंडळात बसून एकमेकांवर रुसत, त्यामुळे एकीचे फोटो छापून आणायची फार घाई असे. आमच्या गावी मंत्री आले तेव्हा अहेरीहून जीपच्या टपावर बांधून झेंडूचा एक हार आणला होता. चार माणसं मावावीत एवढा.

मंत्री त्यात शिरले. "या, दोघंही आत या. फोटो होऊन जाऊ द्या."

बाबा जागचे हलले नाहीत. "आधी तलावाचं बोला साहेब."

तलावाचं तुडूम, म्हणजे शेताकडे पाणी सोडायची मोरी, फुटलं होतं. पाणी रात्रंदिवस वाहून जात होतं. दुरुस्ती आमदारांच्या निधीतून व्हावी की पंचायत समितीच्या, यावर कागद नुसते येत-जात होते.

आमदारही मागं सरले. "हे नाई, तं मी बी नाई. माह्या लोकांले काय सांगू?"

मंत्री एकटेच उभे राहिले. उरलेला हार मातीत लोळत होता.

त्या उन्हाळ्यात तलाव आटला. सोडलेलं मत्स्यबीज चिखलात मेलं. शेजारच्या बाईंचं घर मासळीवर चालायचं. रिकामी टोपली आमच्या अंगणात उपडी करून त्या बाबांना म्हणाल्या, "हार लय जड होता का जी, सभापती?"

त्या गेल्यावर घरात मीही बाबांना बोलले. एक फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं?

"फोटो निघाला असता तं लोकांले वाटलं असतं, मिटलं," बाबा म्हणाले. "मंग आमदाराले जाब कोनं विचारला असता? अन् मले कोनं?"

मला ते पटलं नाही. तो अहंकारच होता, असं मी पुढं कितीतरी वर्षं मानत आले. पुढचं सगळं वर्ष ते दोघं प्रत्येक सभेत त्या तुडुमावरून भांडले. आवाज रस्त्यावर यायचा. शेवटी दुरुस्ती झाली, पण नारळ दोन फुटले. सकाळी आमदारांचा, दुपारी बाबांचा. त्याच शेजारच्या बाई दोन्ही वेळा प्रसादाला हजर होत्या. "असेच भांडून राह्या जी," त्या म्हणाल्या, "खोबरं पुरते आमाले."

आता तेच आमदार ओसरीवर बसले होते. तालुक्याचा एक बातमीदार हार घेऊन पुढं आला.

"साहेब, भाऊच्या फोटोले हार घालतानाचा एक घेतो. ताई, तुमी बी बाजूले उभ्या राहा."

मी उठले. खरं सांगायचं तर मला तो फोटो हवा होता. निदान आता तरी बाबांवरचा तो अहंकाराचा डाग जाईल, असं वाटलं.

आमदारांनी हाराला हात लावला नाही. "नोको. जिता होता तवा उभा राह्यला नाई तो माह्यासंग. आता नाई म्हनता येत नाई त्याले, म्हनून काहाडू का?"

बातमीदार बाजूला झाला. आमदारांनी डबा उघडला, वरणभात कालवला, आधी आईला आणि मग मला घास दिला. मी तो गिळला. मग ते हळूच म्हणाले, "तुडूम अजून झिरपते, पोरी. मागच्या आठवड्यात मले फोन करून शिव्या घातल्या त्यानं."

मी आत गेले. बाबांच्या टेबलावर त्यांनी लिहायला घेतलेला अर्ज होता, आमदारांच्याच नावे, नेहमीच्या कडक भाषेत. तो आणून मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. एका ठिकाणी त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"सही राह्यली," कागद माझ्यापुढं धरत ते म्हणाले. "तू कर. मंग मी घेतो."