कोरड्या हाताचे साडभाऊ

पाण्यावर एवढं प्रेम आणि भिजण्याचा एवढा तिटकारा एकाच देहात सुखाने नांदवणारा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही. जिल्ह्याबाहेर असेल, तर त्याने अजून माझ्याकडे चहा घेतलेला नाही. हे गृहस्थ नात्याने माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मला साडभाऊ म्हणतात, मी त्यांना साडभाऊ म्हणतो, आणि तीस वर्षांत आम्हाला एकमेकांचं नाव घ्यायची गरज पडलेली नाही. भंडाऱ्याच्या आमच्या तरणतलावावर गेली वीस वर्षं ते पोरांना पोहायला शिकवत आले. त्यांच्या हाताखालची पोरं नागपूरपर्यंत जाऊन बक्षिसं घेऊन आली. पण या वीस वर्षांत खुद्द साडभाऊंना पाण्यात उतरलेलं कोणीही पाहिलं नव्हतं. पहाटे साडेपाचला ते तलावावर हजर. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, आणि हातात छत्री. ही छत्री उन्हासाठी नाही आणि पावसासाठीही नाही. पोरांनी उडी मारली की साडभाऊ ती ढालीसारखी पुढे उघडत आणि थेंब थांबले की पुन्हा मिटत. एका सकाळी मी मोजलं होतं, छत्री चाळीसेक वेळा उघडली आणि मिटली. वर्षाला दोन छत्र्या लागत, आणि तो खर्च आमची मेव्हणी अजून विसरलेली नाही.

साडभाऊ मूळचे पवनीचे, घराणं विणकरांचं. बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून ते मागावर बसले. पुढे माग थंडावले, तेव्हा बिऱ्हाड घेऊन भंडाऱ्याला आले आणि तलावावर देखरेखीच्या कामाला लागले. तिथले शिकवणारे गुरुजी एका उन्हाळ्यात गावाला म्हणून जे गेले ते परतलेच नाहीत. काठावर तीस पोरं ओरडत उभी. साडभाऊंनी खिशातून आपला जुना धोटा काढला, मागावर आडवं सूत टाकायचा लाकडी धोटा हो, तो कठड्यावर टक-टक वाजवला आणि शिकवायला सुरुवात केली. तेव्हापासून आमच्या पोरांची पोहण्याची भाषाच वेगळी झाली. पाय मारायला ते ‘पावडी दाबणं’ म्हणत, कारण मागाखालची पावडी पायाने दाबावी लागते. हात पाण्यात टाकणं म्हणजे ‘धोटा फेकणं’. वाकडंतिकडं पोहणाऱ्याला काठावरून हाक जाई, “अबे, गुंता करून राहिला तू पान्याचा! सरळ जाय, सरळ!” परगावच्या स्पर्धेत आमची एखादी पोरगी दुसरीला “तुझी पावडी आज ढिली होती” असं म्हणे, आणि बाकीच्या जिल्ह्यांची मुलं तोंडाकडे पाहत राहत.

नव्या पोराला मात्र पाणी लगेच मिळत नसे. काठावर एक सुतळीची खाट होती. तिच्यावर पोटावर झोपवून पंधरा दिवस नुसते हातपाय मारायला लावत. एकदा एका किराणा दुकानदाराने येऊन तावातावाने विचारलं, “आमी पोट्ट्याले पोहाले पाठवलं जी, अन् तुमी त्याले खाटेवर झोपवून काहून ठेवून राहिले?” साडभाऊ शांतपणे म्हणाले, “तो झोपून नाही राहिला शेठ, इणून राहिला. ज्याले खाटेवर पाय मारता येत नाही, त्याले पान्यात कोन इचारते?” सोळाव्या दिवशी ते पोरगं पाण्यात पडलं आणि मासोळीसारखं निघालं. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी धाकटीलाही आणून सोडलं, आणि जाता जाता खाटेची सुतळी बदलून दिली.

लग्नाकार्यातसुद्धा या माणसाची नजर पाण्यावरच. पंगतीत बसले की समोरच्या पाहुण्यांपैकी कोण तरंगेल आणि कोण तळाला जाईल, हे ते हलक्या आवाजात सांगत. माझ्याबद्दलचं त्यांचं मत माझ्या सासुरवाडीत सर्वांना पाठ आहे: “तुमचं पोट असं हाय साडभाऊ, का तुमी ठरवून बुडाले तरी बुडनार नाही.” मला पोहता येत नाही. तरणतलाव मंडळाने मला चिटणीस केलं ते बहुधा त्यामुळेच. बैठकीला एक तरी कोरडा माणूस लागतो.

पण सुगीच्या दिवसांतच गारपीट व्हावी तसं झालं. मंडळाला नवे अध्यक्ष आले. माणूस सज्जन, फक्त कागदाशिवाय त्यांना काही दिसत नसे. त्यांनी ठरवलं की फाटकाजवळ मोठा फलक लावायचा, ‘आमचे अनुभवी प्रशिक्षक’. प्रत्येकाचा फोटो आणि खाली पार्श्वभूमी. मजकूर लिहायचं काम अर्थातच चिटणिसाकडे. आमच्याकडे तेव्हा तीन प्रशिक्षक होते. एक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांची पार्श्वभूमी सांगायला त्यांना दीड तास लागला आणि त्यात दोन नद्या आणि एक बर्फाळ सरोवर होतं. दुसऱ्या, क्रीडाशिक्षणाची पदविका घेतलेल्या तरुण मॅडम. त्यांनी जाडजूड फाइलच आणून ठेवली. तिसरे साडभाऊ. मी वही उघडून त्यांच्या ओसरीवर बसलो.

“शिक्षण?”

“सातवी. आठवीचा मास्तर मले पटला नाही.”

“अनुभव?”

“माग.”

“साडभाऊ, पोहण्याचा अनुभव विचारतोय.”

“थेच तं सांगून राहिलो ना जी.”

मला वाटलं, एवढ्या मोठ्या फलकावर ‘माग’ काय लिहायचा? सुभेदारांच्या बर्फाशेजारी ते अगदीच उघडं दिसलं असतं. म्हणून मी घरी बसून, लेखणीला चांगलं तूप लावून, ‘जलक्रीडा क्षेत्रातील प्रदीर्घ साधना’ वगैरे चार ओळी तयार केल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “चांगला मानूस दिसते. कोन होय हा?” मी ओशाळलो. कागद फाडून टाकला.

तेवढ्यावर भागलं नाही. प्रमाणपत्र नसलेल्याने पुढच्या महिन्यापासून शिकवायचं नाही, असा अध्यक्षांनी नियमच केला. साडभाऊंना नोकरीवरून काढणार नव्हते, पण पुन्हा देखरेखीला, फाटकाजवळच्या खुर्चीवर बसवणार होते. पोरांना हात लावायचा नाही, धोटा वाजवायचा नाही. वाचायचा एकच मार्ग होता: नागपूरला प्रशिक्षकांची परीक्षा द्यायची. “मले नाही पाह्यजे बोर्डगिर्ड,” असं साडभाऊ सर्वांना सांगत हिंडले. पण मी एकदा त्यांच्याकडे शिट्टी मागितली, तेव्हा शर्टाच्या खिशातून शिट्टीबरोबर एक पाकीट आलं. उघडलं, तर आत त्यांचे नवेकोरे फोटो. केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हता एवढा गंभीरपणा. मी पाकीट परत त्यांच्या खिशात ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एखादी गोष्ट किती हवी आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग काय, परीक्षेचा अर्ज मीच भरला आणि त्यांना घेऊन एसटीने नागपूरला गेलो. तोंडी परीक्षा तर रंगली. पायाची हालचाल कशी असावी, या प्रश्नावर साडभाऊंनी टेबलाखाली स्वतःच्या पायांनी पावडी दाबून दाखवली, टेबल हाललं, परीक्षकांचा चहा बशीत सांडला, आणि तरी परीक्षक खूश झाले. “काका, हे मी माझ्या मुलांना असंच शिकवीन,” म्हणाले. बाहेरच्या बाकावरून, उघड्या दारातून हे पाहत मी मनातल्या मनात फलकाचा मजकूर लिहायला घेतला.

उरली होती पोहण्याची परीक्षा. शंभर मीटर, कोणत्याही प्रकाराने, वेळेचं बंधन नाही, फक्त दोन्ही हात वापरायचे. साडभाऊ नवी निळी चड्डी घालून आले. तीस वर्षांत मी त्यांचे दंड प्रथमच पाहिले. त्यांनी छत्री माझ्या हाती दिली, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत शिरले. आवाज नाही, थेंब नाही. इतकं सुंदर पोहणं मी पाहिलेलं नाही, आणि मी वीस वर्षं तलावाच्या काठावर काढली आहेत. फक्त एक होतं. त्यांचा डावा हात कोपरापासून सरळ पाण्याबाहेर उभा होता. मूठ घट्ट मिटलेली.

परीक्षकांनी शिट्टी वाजवली. “काका, हात खाली!” हात खाली गेला. चार हात अंतर गेलं आणि पुन्हा वर आला. पुन्हा शिट्टी. तीन वेळा सुरुवातीपासून संधी दिली बिचाऱ्यांनी. हात पाण्यात घातला की साडभाऊ एका बाजूला जात, गोंधळत, कठडा धरत. शेवटी परीक्षक स्वतः काठावर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, “हाताला काही दुखापत झाली होती का?”

“नाही जी,” साडभाऊ धापा टाकत म्हणाले. “आमी पवनीले वैनगंगेवर सूत धुवाले जात होतो. रंगवलेलं सूत. एखादी लड हातातून सुटे अन् धारेले लागे. मंग पोट्ट्यायनं तिच्यामांगं उडी माराची. पन लड पान्यातून वढत नाही आनता येत, गुंतते. गुंतली का बा दिवसभर थे सोडवत बसे अन् माग बंद राहे. म्हनून तिले वर धरूनच याव लागे. मी असाच शिकलो. हात खाली घेतला का मले वाटते, गेलं सूत.”

परीक्षकांनी साडभाऊंना हात देऊन वर काढलं, स्वतःचा टॉवेल दिला आणि नापास केलं. मला त्यांचा राग आला नाही. नियम नियमासारखा होता. राग आला तो माझाच. आपल्या पोरांनी हा हात पाहिला तर हसतील, म्हणून वीस वर्षं ज्या माणसाने छत्रीआड पाण्याला चुकवलं, त्याला मी कागदाच्या एका तुकड्यासाठी परक्या गावात उघडा करून उभा केला होता. परतीच्या एसटीने मौदा गाठलं. तिथे साडभाऊंनी खिशातून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “हे तुमच्यापाशीच राहू द्या साडभाऊ. फोटो चांगला आला हाय, फेकाले मन होत नाही.”

एक तारखेपासून ते फाटकाजवळच्या खुर्चीवर बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करत. धोटा खिशात, छत्री मिटलेली. तलावावर सुभेदारांची शिट्टी वाजे, मॅडमचं घड्याळ चाले, सगळं ठीक होतं आणि काहीच ठीक नव्हतं. हाताची गोष्ट मी फक्त बायकोला सांगितली होती. तिने ती फक्त बहिणीला सांगितली. चौथ्या दिवशी ती तलावावरच्या सगळ्या पोरांना ठाऊक होती.

पोरांनी खुर्चीला गराडा घातला. “सर, दाखवा ना!” साडभाऊ लाल झाले, रागावले, छत्री उगारली. पोरं हलेनात. हे आठवडाभर चाललं. मग करडी गावच्या एका पोरीने, मामाकडे राहून शिकणाऱ्या, विभागीय स्पर्धेत दुसरी आलेल्या पोरीने, सरळ पाण्यात उडी घेतली आणि डावा हात वर करून पोहायला लागली. अर्ध्या तलावापर्यंत गेली आणि गटांगळी खाल्ली. साडभाऊ ताडकन उठले. “अवो, मनगट नाही, खांदा वर ठेव! सूत गुंतवशीन नं बाई!” आणि पाहता पाहता शर्टपायजम्यासकट, इस्त्रीसकट, त्यांनी पाण्यात उडी मारली.

पुढचं दृश्य मी, सुभेदार, मॅडम आणि योगायोगाने पाहणीला आलेले अध्यक्ष, अशा चौघांनी पाहिलं. पुढे साडभाऊ, त्यांची पांढरी बाही वर उभी, आणि मागे पंचवीस-तीस पोरं, प्रत्येकाचा डावा हात वर. कोणी बुडत होतं, कोणी हसत होतं, पण हात कोणी खाली घेत नव्हतं. सुभेदारांनी टोपी काढली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. काठावर सगळेच ओले होते.

नियम बदलला नाही. साडभाऊ कागदोपत्री आजही देखरेखीलाच आहेत. फक्त ती खाट कोणीतरी उचलून फाटकाजवळ त्यांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली आहे, आणि ती कोणी आणली याची नोंद वहीत नाही. फलक लागला. दोन प्रशिक्षकांच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे मी माझ्याकडचा तो फोटो चिकटवून घेतला आणि रंगाऱ्याला एकच ओळ लिहायला सांगितली: ‘पवनीच्या घाटावर सूत धुताना पोहायला शिकले.’ वर पद नाही, खाली प्रमाणपत्र नाही. अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “रंग पक्का आहे ना?” एवढंच विचारून ते गेले.

परवा आम्ही दोघं तलावावरून बरोबर परतत होतो. त्यांच्या घरचा माग केव्हाच मोडला, त्याच्या लाकडांची मांडणी करून मेव्हणीने तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. ते आठवून मी सहज विचारलं, “साडभाऊ, त्या दिवशी पोरांपुढे पोहतानाही मूठ मिटलेलीच होती तुमची. आता काय असतं हो तिच्यात?”

ते थांबले. डावा हात समोर धरून त्यांनी मूठ उघडली आणि आत पाहिलं, खरंच काही असेल असं.

“सूत तं गेलं जी,” ते म्हणाले. “हात राहून गेला.”

मग रस्त्यावरच्या नळाखाली पोरं पाणी उडवत होती, म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि आम्ही पलीकडच्या बाजूने घरी आलो.