इब्राहिमचा भाऊ

कासीमचाचांना कुणी नाव विचारलं की ते हातातलं काम थांबवायचे. कापूस पिंजायचा लाकडी ठोकळा खाली ठेवायचे, दाढीत अडकलेले तंतू झटकायचे, उभे राहायचे आणि सांगायचे, "कासीम वल्द हुसेन पिंजारी. इब्राहिमचा भाऊ." गादी भरून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एवढ्या माहितीची गरज नसे. एकदा रेशनकार्डाचा कारकून वैतागून म्हणाला, "भावाचं नाव मी विचारलेलं नाही." चाचा शांतपणे म्हणाले, "तुमी नाय इचारलं. मला सांगावं लागतं."

निजामाच्या राज्यावरच्या पोलीस ॲक्शनला पंधरा-सोळा वर्षं उलटून गेल्यावर मी प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून औरंगाबादेत आलो. बेगमपुऱ्यात एका बोळात खोली मिळाली. भिंतीला भिंत लागून चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अंधारी खोली, तिच्यात छताला टांगलेली पिंजणाची कमान आणि सगळीकडे उडणारा कापूस. दिवसभर कमानीच्या तातीचा, म्हणजे ताणलेल्या दोरीचा, आवाज भिंतीतून यायचा. चाचा तेव्हा चाळिशीचे असतील, दिसत साठीचे. छातीत कायमची घरघर होती. बायको-मुलं नव्हती.

दुपारी दोन वाजले की तातीचा आवाज बंद व्हायचा. हातपाय धुऊन, बगलेत किताब घेऊन चाचा जवळच्या मशिदीतल्या मदरशात शिकायला जायचे. तिथले मौलाना ऐंशीच्या घरातले होते. त्यांच्यापुढं चाचा आपल्या निम्म्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या रांगेत बसायचे. मी एकदा विचारलं, या वयात हे कशासाठी? ते म्हणाले, "गुरुजी, ज्याची जीभ एकदा फिरली, त्यानं अलिफपासून सुरू करावं लागतं." अलिफ म्हणजे अरबीचं पहिलं अक्षर, एवढं मला ठाऊक होतं; बाकीचा अर्थ लागला नाही.

पुढं एकदा त्यांनी माझं गाव विचारलं. मी सांगितलं, सिल्लोडच्या रस्त्यापासून दोन कोस आत. गावाचं नाव ऐकून ते उठले आणि आत गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. नवव्या दिवशी सकाळी शाळेला सुट्टी होती, तेव्हा ते माझ्या उंबऱ्यात येऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी जमेल तसं इथं सांगतो.

इब्राहिम त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. दोघं भाऊ खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. दिवसा लोकांचा कापूस पिंजायचा आणि काम झालं की गावातल्या पाच-दहा मुसलमान घरांत बसून श्रद्धेची ग्वाही देणारा कलमा शिकवायचा, नमाज शिकवायची, असा इब्राहिमचा नेम होता. खेड्यातल्या पिंजाऱ्या-खाटकांना नावापलीकडं फारसं काही ठाऊक नसे. इब्राहिम धडा सांगायचा आणि कासीम बोलायचा. कासीमचं बोलणं असं की पाटलांच्या ओसरीवरचे हिंदूसुद्धा ऐकत बसायचे. "माझ्या तोंडात मध होतं म्हणायचे लोक," चाचा म्हणाले. "लई मिजास होती मला त्याची."

हिंदुस्थानच्या फौजा येऊन चार दिवस झाले होते तेव्हा दोघं आमच्या गावाजवळ होते. आमच्या भागात निजामाच्या रझाकारांनी आधी पुष्कळ छळ केला होता. कडब्याच्या गंजी पेटवल्या होत्या, माणसं झाडाला बांधून मारली होती. ते रझाकार पळून गेले. सापडले ते पिंजण खांद्यावर घेतलेले दोन भाऊ. ओढ्यावर पन्नास-साठ माणसांनी त्यांना अडवलं. हातात कुऱ्हाडी होत्या. मोठ्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं, इब्राहिम. मग धाकट्याला विचारलं.

"मी म्हनलं, काशिनाथ."

चाचांनी दाढीतला एक तंतू ओढून काढला. मग म्हणाले, "त्यांनी इचारलं, हा तुझा कोन? मी म्हनलं, कोनी नाय. वाटंत भेटला."

त्यांनी कासीमला जाऊ दिलं. तो पाठ फिरवून चालत राहिला. मागं वळून पाहिलं तर संशय येईल म्हणून त्यानं वळून पाहिलं नाही. पण इब्राहिमनं त्याला हाक मारली नाही, की हा माझा भाऊ आहे म्हणून सांगितलं नाही. "त्यानं माझं खोटं सांभाळलं, गुरुजी. मरताना."

त्या गर्दीच्या मागं एक पागोटंवाला उंच माणूस हात बांधून उभा होता, असंही चाचा म्हणाले. गावचा कुणी मोठा माणूस असावा. "त्यानं एक शब्द टाकला असता तर लोक थांबले असते. त्याच्याकडंच बघत होते सगळे."

मी तो माणूस ओळखला. माझे वडील तेव्हा गावचे पोलीसपाटील होते. पण चाचांसमोर मी काही बोललो नाही. चहा करायला म्हणून आत गेलो आणि स्टोव्हपाशी नुसता उभा राहिलो.

त्यानंतर चौदा वर्षं चाचांनी नमाज पढली नाही. दावतीचं, म्हणजे लोकांना धर्माकडं बोलावण्याचं काम तर सुटलंच. आईला त्यांनी सांगितलं होतं की आम्ही गर्दीत चुकलो, मी इब्राहिमला शेवटचं पाहिलं नाही. ती माउली दर ईदला दोघांसाठी कपडे शिवायची. ती गेली तेव्हा चाचा तिच्या मयतीच्या नमाजेला उभे राहिले आणि तोंडातून एक अक्षर निघेना. सगळे लोक नमाजेच्या शेवटचा सलाम फेरून मोकळे झाले, हे तसेच उभे. त्याच आठवड्यात ते मौलानांकडं गेले.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. किताब उघडून दाखवलं की जिवाच्या भीतीनं ओठांनी नाकारलं आणि दिलात ईमान शाबूत असलं, तर अल्ला पकडत नाही. चाचा म्हणाले, "ते नावाचं झालं. भावाचं काय?" मौलाना म्हणाले, "भावाची माफी मी कुठून देऊ, बेटा? तू आधी शीक. मग तो ज्या रस्त्यानं जात होता, त्या रस्त्यानं जा."

चार वर्षं त्यांनी शिक्षण घेतलं. ते संपल्यावर चाचांनी पहिलं गाव निवडलं ते आमचं.

दर गुरुवारी ते सकाळच्या एस.टी.नं जायचे. आमच्या गावात वेशीच्या आत एक छोटी मशीद होती, तिच्यात कुणीतरी कडबा भरून ठेवला होता. चाचांनी पोलीसपाटलांची, म्हणजे माझ्याच वडिलांची परवानगी मागितली. आबांनी त्यांच्याकडं न बघता मान हलवली. चाचांनी कडबा बाहेर काढला, जमीन सारवली आणि बांग दिली. आमच्या गावात पुष्कळ वर्षांत ऐकू न आलेला तो आवाज. तेव्हा गावात मुसलमानांची तीनच घरं उरली होती. एकही माणूस आला नाही. चाचांनी एकट्यानं नमाज पढली आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. असं पाच-सहा महिने चाललं. मला म्हणायचे, "येतील. दगडावर थेंब पडत राहिला पायजे."

मग एका गुरुवारी त्या तीन घरांतली रहमतबी मशिदीच्या दारात येऊन उभी राहिली. विधवा, पन्नाशीची, शेतात मजुरी करणारी बाई. चाचांना वाटलं, पहिला माणूस आला. ती म्हणाली, "भाऊ, तुमी येऊ नका."

चाचा म्हणाले, "मी तुमच्यासाठीच येतो, बहन."

"तुमी गुरुवारी येता आन् सांजच्या गाडीनं जाता. आमाला शुक्रवारी हितंच राहायचं असतं. तुमी बांग देऊन गेले की दुसऱ्या दिशी आमाला कामाला बोलवत न्हाईत. मागल्या आठवड्यात कुनीतरी आमच्या दारात मेलेलं कुत्रं टाकलं. तुमाला कोनी सांगितलं नसंल."

चाचा परत आले ते ताप घेऊन. दोन दिवस पडून होते. तिसऱ्या दिवशी मौलानांकडं गेले, मी सोबत होतो, कारण त्यांना चालवत नव्हतं. मौलानांनी एकच प्रश्न विचारला. "कासीम, तू तिथं बांग त्यांच्यासाठी देतोस की तुझ्या भावाला ऐकू जावी म्हणून?"

चाचांनी मान खाली घातली.

"दावत ऐकणाऱ्यासाठी असते," मौलाना म्हणाले. "आपल्या जखमेसाठी नसते. जायचं सोडू नकोस. पण कसा जातोस ते बघ."

मला वाटलं, आता संपलं. पण पुढच्या गुरुवारी चाचांनी छताची कमान सोडली आणि खांद्यावर टाकली. आमच्या गावात ते पुन्हा पिंजारी म्हणून गेले. मशिदीत पाऊल ठेवलं नाही. ज्याच्या घरी बोलावणं असेल तिथं कापूस पिंजायचे आणि त्या तीन घरांतलं काम मुद्दाम दुपारपर्यंत पुरवायचे. रहमतबीच्या पडवीत तातीचा आवाज चालू असे. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, गोधडीचा कापूस पिंजला जातोय. आत चाचा एका ठोक्याला एक शब्द असा धडा सांगत. सगळ्यात आधी त्यांनी कलमा शिकवला, मग वजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुणं, आणि मग कुराणातल्या लहान लहान सुरती. शेजाऱ्याचं वाईट चिंतू नये, मजुरीत खोट करू नये, हेही त्यातच सांगत. अशी आठ-नऊ वर्षं गेली. छातीची घरघर वाढत गेली. मी म्हणायचो, कापसाची धूळ बंद करा. ते म्हणायचे, "धुळीतूनच आवाज जातो, गुरुजी. नुसता आवाज तिथं चालत नाय."

मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा म्हणाले, "तुमी शाळंत धडा सांगितला आन् पोरगं शिकलं नाय, तर दोष पोराचा. सांगितलाच नाय तर दोष कोनाचा? म्हनून सांगतो. अल्ला एक हाय आन् त्याच्याकडं परत जायचं हाय. याच्यावर इचार करा." मी म्हणालो, "चाचा, मी ऐकलं. पण माझ्या घरचे देव मी सोडणार नाही." ते म्हणाले, "ते तुमचं आन् त्याचं. माझं काम झालं." आणि मला अर्धा पेरू कापून दिला.

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी आबांनी गाद्या भरायला त्यांनाच बोलावलं. मी तेव्हा गावी होतो. चाचा आमच्या अंगणात दिवसभर पिंजत होते आणि आबा ओसरीवर बसून पाहत होते. आबा थकले होते, पाटीलकी गेली होती. दुपारनंतर ते काठी टेकत खाली उतरले. म्हणाले, "नाव काय म्हणालास तुझं?"

चाचा उठून उभे राहिले आणि त्यांनी नेहमीसारखं पूर्ण नाव सांगितलं.

आबा म्हणाले, "त्या दिशी दुसरा व्हता, त्यो तूच."

"व्हय, पाटील. तुमी मागं उभे होते, तेबी मला ठाव हाय. लई वर्सांपासून ठाव हाय."

मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो. म्हणजे माझ्या घरी, माझ्या हातचा चहा पिताना त्यांना सगळं माहीत होतं. आणि मी गप्प आहे हेही माहीत होतं.

आबांनी त्यांना सोबत यायला सांगितलं. मीही मागोमाग गेलो. ओढ्याच्या काठाला आमचं दीड गुंठ्याचं पडीक होतं, चार बाभळी आणि काटेरी झुडपं. आबांनी तिथं कधी नांगर घालू दिला नव्हता. आम्ही त्यांना आळशी म्हणायचो. तिथं काठी टेकवून आबा म्हणाले, "हितं हाय तो. रातच्याला मी आन् माझ्या गड्यानं पुरला. कुनाला सांगितलं न्हाई." मग म्हणाले, "त्या दिशी माझं त्वांड उघडलं न्हाई. आता काय मागायचं ते माग."

चाचा खाली बसले. मातीवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ काहीतरी पढलं. खोकल्यामुळं मधे मधे थांबावं लागत होतं. उठले तेव्हा आबांकडं वळले.

"मागायचं काय नाय, पाटील. सांगायचं हाय. एक दिवस सगळे उठून उभे राहतील आन् एकेकाला इचारलं जाईल. मी भावाला वळखलं नाय, तुमी तोंड उघडलं नाय. तवा आपन दोघं एकाच रांगंत असू. अजून येळ हाय. त्याची माफी मागा. मी रोज मागतो."

आबा तिथंच बाभळीखाली बसून राहिले. मी त्यांना घरी आणायला परत गेलो तेव्हा दिवस मावळत होता. त्यांनी मला विचारलं, "मी मागं उभा व्हतो, हे तुला ठाव व्हतं?" मी हो म्हणालो. पुढं आबा दोन वर्षं जगले. त्यांनी माफी मागितली की नाही, आणि मागितली तर कुणाची, ते मला माहीत नाही.

चाचा आबांच्या आधी गेले. छातीत पाणी झालं होतं. सरकारी दवाखान्यात मी रोज शाळा सुटल्यावर जायचो. मी त्यांना विचारलं, "इब्राहिमची जागा मिळाली, आता बरं वाटतं का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "जागा मिळाली, गुरुजी. त्याचा जवाब नाय मिळाला. तो तिथंच मिळंल." बुधवारी दुपारी ते वारले. मातीला मदरशातले लोक होते, मी होतो. मौलाना त्याआधीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एस.टी.नं गावी गेलो. रहमतबी पडवीत कापसाचं गाठोडं सोडून बसली होती. मी एकटा दिसल्यावर ती समजली. रडली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "यासीनची सूरत घेतली व्हती त्यांनी. मरनाऱ्याजवळ म्हनतात ती. निम्मीच पाठ झाली, गुरुजी. फुडली कोन सांगंल?"

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणू लागली. तातीचा आवाज नसल्यानं तिचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. तिनं तो लहान केला नाही. येत होती तेवढी सूरत ती म्हणाली, आणि जिथं संपली तिथं थांबली.