मशीन थांबवणारा शिंपी

राजाजीनगरात एक शिंपी आहे. त्याचं मशीन असं सुसाट पळतं, की तुम्ही एक सदरा शिवायला टाका, पापणी लवायच्या आत अख्ख्या गल्लीचे सदरे तयार! शपथेवर सांगतो, थोडंच वाढवून सांगतोय.

परवा पँट आखूड करायला गेलो. त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी शेजारी वहीत रेघा मारत बसली होती.

"कितवीत गं तू?" मी विचारलं.

शिंप्यानं पायडलवरचा पाय उचलला. मशीन थांबलं. पोरगी माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"लाजतेस काय?" मला कुठला धीर!

"स्वल्प थांबा, अण्णा," तो त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत हळूच म्हणाला. "येतंय उत्तर."

इतकी शांतता झाली, की राजाजीनगरात कावळे आहेत हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"पाचवीत," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

मशीन पुन्हा सुरू झालं. "फिट्स यायच्या तिला," तो म्हणाला. "गोळ्यांनी थांबल्या, पण विचार मंदावला. पूर्वी प्रश्न संपायच्या आत बोलायची. मध्ये मीच गोळ्या बंद केल्या, तर शाळेतच फिट येऊन पडली. आता डॉक्टर हळूहळू औषध बदलून बघतायत."

"पण पाचवीपर्यंत आली की!"

"नाही हो. यंदा चौथीतच ठेवलंय."

"मग उत्तर चुकलं म्हणून तिला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यानं सुईत दोरा ओवला.

"इतक्या लांबून आलेलं उत्तर, अण्णा, परत कसं पाठवू?"